धुतलेली दुर्बीण

आधी तांब्याभर पाणी ओतलं. मग गोमूत्र शिंपडलं. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या दुर्बिणीवर.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. पाथरीकडं कालव्याचं काम जोरात होतं. खंडेनवमीला कॅम्पात हत्यारं पुजायला मांडली होती. टेप, साखळी, मापाचा उभा गज आणि मधोमध ती दुर्बीण. तिच्यातून मी रोज कालव्याची पातळी बघायचो. आमच्या बौद्धवाड्यातला मी पहिला ओव्हरसियर.

"तुम्ही बाहेरच थांबा," कॅम्पाचे मोठे साहेब म्हणाले. "उद्यापासून दुर्बीण आहेच तुमची."

म्हणजे माझी जात कळली होती. कोणी सांगितलं? माझं आडनाव कुणाचंही असू शकतं. मी कधी बोललो नव्हतो.

संशय किसनवर गेला. माझा मामेभाऊ, ताडकळसचा. गज धरायला मीच त्याला लावलं होतं. वर दम दिला होता, "कॅम्पात दादा म्हणायचं न्हाई. साहेब म्हण." मागच्या खंडेनवमीला जात विचारून त्याला मांडवातून हाकललं, तेव्हा मी आत होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खोबरं चावत राहिलो.

आता मांडवाबाहेर त्याच्याच शेजारी येऊन उभा राहिलो. दात खाऊन विचारलं, "तूच सांगितलंस ना?"

"मागल्या साली तू खोबरं खात व्हतास, तवा न्हाई सांगितलं. आता कशाला सांगू?" किसन हसला. "या साहेब. बाहेर लय जागा हाय."

आत पगडीवाल्या थोर इंजिनिअरांच्या फोटोला हार घातला. धरणं बांधणारा माणूस. पुस्तकातलं त्यांचं चित्र कापून मी घरी कुडाला चिकटवलं होतं. साहेब भाषण करत होते, "अशा तपस्व्यांनी देश उभा केला. ही विद्या सवलतीत मिळत नाही." टाळ्या पडल्या. फोटोतला माणूस गप्प होता. त्याच्या नावावर हे बोलत होते.

सकाळी कालव्यावर दुर्बीण लावली. काचेवर आतून वाफ धरलेली. धुताना पाणी आत शिरलं होतं.

"पुसून घ्या आणि बघा," साहेब म्हणाले.

मी हात मागं घेतला. "तुम्ही धुतलीत. मी डोळा लावला तर परत बाटंल. तुम्हीच बघा."

"नोकरी करायची आहे ना?"

"करायचीय. पण पुढच्या पूजेला किसन आणि मी मांडवात असू. नसलो, तर त्या दिवसापासून दुर्बीण तुमची."

किसननं गज आडवा टाकला आणि त्यावरच बसला. साहेब जीपकडं गेले. त्या दिवशी काम झालं नाही.

कोणी सांगितलं, ते आजही माहीत नाही. किसनची माफीही मागितलेली नाही. 

पण बदली कुठंही होवो, पहिल्या दिवशी मीच सांगतो, मी कोण. मग चहा कोणत्या कपात येतो ते बघतो. खंडेनवमीला दुर्बीण माझ्या हातानं टेबलावर ठेवतो आणि तिथंच उभा राहतो. कुणाला धुवायची असेल तर धुवा. कशासाठी धुताय, ते आधी माझ्या तोंडावर बोला.