आईने वर घातलेलं औषध

होडी भावाला दिली आणि मरायला माझ्या घरी आले, असं मी बाबांच्या तोंडावर म्हणायचे. बाबा हसायचे. "तुझ्याकडचा पंखा बरा हाय गो."

पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता फक्त दुखू द्यायचं नव्हतं. त्यासाठी आठवड्यातून एकदा एक सिस्टर रेवसला आमच्या घरी यायच्या. त्यांनी मॉर्फिनची बाटली दिली, बिनसुईची सिरिंज दिली आणि सिरिंजवर पेनाने रेघ मारली. रेघेपर्यंतच द्यायचं, वेळ वहीत लिहायची.

"फार दुखलं तर थोडं जास्त?" मी विचारलं.

"आधी मला फोन."

"अगदी थेंबभर?"

"ताई, हा बाजार नाही."

घासाघिशीत मला गप्प करणारी ही पहिलीच बाई.

सकाळी मी बंदरावर मासे घेऊन विकायला जायचे, तेव्हा औषध आई द्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी परतले तर बाबा गाढ झोपलेले. मी एक शिवी हासडली. उत्तर नाही. माझ्या शिवीवर बाबा गप्प राहिले, असं आयुष्यात झालं नव्हतं.

"आये, रेघेपर्यंतच दिलंस ना?"

"व्हय. आणि वर थोडं."

"वर?"

"मंग काय! जल्मभर परक्या गिऱ्हाइकाला वाट्यावर दोन बोंबील वर टाकलं, आणि नवऱ्याला मोजून देऊ?"

मी सिस्टरना फोन लावला. हलवून हाक मारा, म्हणाल्या, आणि पूर्ण मिनिट श्वास मोजा. मोजले. नऊ.

"कमी आहेत. पुढचा डोस देऊ नका. मी निघाले. मोजत राहा."

मोजता मोजता भावाला शिव्या घालायच्याही राहून गेल्या. सिस्टर येईपर्यंत श्वास बारावर आले होते. त्यांनी हाक मारली तसा बाबांनी एक डोळा उघडला. "काय बघताय? मेलो न्हाय अजून."

त्या दिवसापासून आई बाटलीला हात लावेना. मी दिलं तर बाबा तोंड मिटून घेत. "तुझ्या हाताला मासळीचा वास येतो. तिला दे."

"तिच्याही हाताला तोच वास आहे!"

"तो माझा हाय."

शेवटी आईला मीच ओढत आणलं. चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाकून उभी राहिले. औषध रेघेला टेकलं. तिची बोटं जरा चुळबुळली, मग थांबली. बाबांनी आ केला.