आज बी धुई शे

नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हटलं की आमच्या ब्राह्मणपुरीतल्या बाया अजून पदर तोंडाशी धरतात. मी नाही धरत. हिलाल. घेतलं! या माणसाने माझं डोकं इतकं खाल्लंय की नाव घ्यायचा हक्क तरी मला पाहिजेच.

जीप हाच त्यांचा धंदा आणि जीप हीच अब्रू. रोज सकाळी शहाद्याहून नर्स जागृतीताई आणि दोन-तीन मास्तर लोक गाडीत घ्यायचे, सातपुड्याचा घाट चढून धडगावला सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. वर पोचले की मला फोन. फोनवर एकच शब्द, "पोचनू." बस्स. तो शब्द कानात पडेपर्यंत माझा पाय एका जागी ठरत नाही. झाडलेलं अंगण परत झाडते, दूध उतू घालवते, शेजारच्या जसोदाबाईशी उगाच भांडण उकरून काढते. ती म्हणते, "प्रमिला, घडीभर बस ना वं!" कशी बसू? साखर कारखाना सुरू झाला की सगळा रस्ता उसाच्या गाड्यांनी भरतो, बैलगाडीला मागे दिवा नसतो, आणि वर सकाळची धुई. धुकं ते पुस्तकातलं, आमच्याकडे धुईच म्हणतात. ती पडली की स्वतःचा पंजा दिसत नाही.

एका हिवाळ्यात अशाच धुईत उसाने भरलेली बैलगाडी एकदम यांच्या पुढ्यात आली. जामसिंगची. तो आणि त्याची बायको रमिलाबाई दरवर्षी डोंगरातून ऊसतोडीला उतरतात. यांनी करकचून ब्रेक मारला, उसाचे शेंडे बोनेटवर खसकन घासले आणि गाडी थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण घरी आल्यावर यांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "मले दिसनंच नही वं. जरासं बी दिसनं नही."

त्या दिवसापासून दिव्यांचं याड लागलं. शहाद्यात उमाकांतचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथून बंपरवर दोन मोठे पांढरे दिवे बसवून आणले, लांब फेकीचे. उमाकांत सांगत होता, "काका, हाई मोकळा रस्ताले ठीक शे. धुईमा पांढरा उजेड उलटा आपलाच डोळामा येस. पिवळा ल्या, आन बंपरना खाले लावा, म्हणजे उजेड रस्तावर पसरस." ऐकतील तर आमचे हे कसले! दुसऱ्याच दिवशी तणतणत परतले. समोर दुधाची भिंत उभी राहिली म्हणे. मग पिवळे लावले, खाली. थोडे दिवस खूश. मग तेही कमी पडायला लागले. मग त्याहून मोठे पिवळे. मग पुढच्या दिव्यांचे बल्ब बदलले. मग टपावर ही लांबलचक एलईडीची पट्टी!

मी ओरडले, "ही जीप शे का नवरदेवनी वरात? आते घोडं आना, बँड आना!"

"तुले काय समजस? जितला उजेड तितलं बरं."

संध्याकाळी जीप अंगणात उभी करून सगळे दिवे लावून बघायचे. जसोदाबाईच्या खुराड्यावर एवढा झगझगाट पडायचा की तिचा कोंबडा आरवायला लागायचा. रस्त्यावर समोरचे ट्रॅक्टरवाले डिपर मारून थकले, मग शिव्या द्यायला लागले. आणि हे घरी येऊन उलट त्यांनाच शिव्या द्यायचे. लोक डोळ्यांवर लाइट मारतात, लाइटाभोवती नुसती गोल कडी दिसतात, माणसाने गाडी चालवायची कशी?

आमचा कुंदन सुरतेला नोकरीला आहे. तो फोनवर हसायचा. "आई, पप्पांना छंद लागलाय, लागू दे." छंद! छंद असता तर माणूस आनंदात दिसला असता. हे जेवता जेवता उठायचे, जीपजवळ जायचे, दिव्याची काच पुसायचे, यायचे, परत जायचे. एक दिवस स्वयंपाकघरातला बल्बसुद्धा बदलला. "हाऊ बी मंद शे," म्हणाले. तो दिवाळीत नवा आणलेला! मला संताप आला, आणि संतापाच्या खाली भीतीही वाटली. कसली ते मात्र कळेना.

डोळ्यांचं नाव आमच्या घरात कोणी काढायचं नाही. माझे सासरे शेवटी आंधळे झाले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी डोळे जपले नाहीत, डोळे चिघळले आणि नजर गेली. मग दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. चाहूल लागली की ओरडायचे, "कोन शे?" कुत्रं गेलं तरी "कोन शे?" गावातली टवाळ मंडळी मुद्दाम पाय आपटत जायची. ते आठवलं की यांचा चेहरा अजून उतरतो. मी एकदा नुसता चष्मा हा शब्द काढला, तर दोन दिवस अबोला.

होळी झाली. घरी बसून त्या "पोचनू"ची वाट बघणं मला आता सोसवेना.

"मी बी येसू तुमना संगे," मी म्हटलं.

"तुन्हं काय काम शे?"

"काही नही. हवा खासू."

मी पुढे, यांच्या शेजारी. मागे जागृतीताई आणि मास्तर लोक. ऊन चांगलं वर आलं होतं. सातपुडा इतका स्वच्छ दिसत होता की डोंगरावरचा एकेक पळस ओळखू यावा. आणि यांनी बटण दाबलं. पिवळे दिवे लागले.

"आज बी धुई शे," म्हणाले.

मला वाटलं थट्टा. हसायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. स्टेअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलेलं, मान पुढे काढलेली, डोळे बारीक केलेले. थट्टा नव्हती.

मागून जागृतीताई म्हणाल्या, "काका, धुई कुठं..." मी वळून असं बघितलं की त्या अर्ध्यातच गप्प झाल्या.

आयुष्यात मी या माणसाचं एक वाक्य खाली पडू दिलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं, "हाव, भलती धुई शे. हळू चालाडा."

आणि मी रस्ता सांगत गेले. "म्हैस उभी शे." "पुढे गतिरोधक शे." "डावा हातले बैलगाडी शे, जपीसन!" ती नेमकी जामसिंगची निघाली. हंगाम संपवून डोंगराकडे परत चाललेली. त्याने हात वर केला, रमिलाबाई हसली. यांनी बघितलंच नाही. एरवी गाडीत मी एक शब्द काढला तर "तू चालाडस का?" म्हणून खेकसणारा माणूस, आज मुकाट ऐकत होता.

घाट जवळ आला. मागे बसलेल्यांचे जीव एकीकडे, दुसरीकडे यांची अब्रू. चार लोकांत "तुम्हाला दिसत नाही" म्हटलं असतं तर हा माणूस जागेवर मेला असता.

"थांबा! मले मळमळ व्हस. उलटी येई ऱ्हायनी!"

एसटीच्या मागच्या सीटवर बसून सुरत गाठणारी बाई मी! पण गाडी थांबली. जागृतीताई काय समजायचं ते समजल्या. मागून येणाऱ्या काळीपिवळीला त्यांनी हात केला, मास्तर लोकांना त्यात बसवलं आणि म्हणाल्या, "काकी, तुम्ही सावकाश या."

आम्ही दोघंच राहिलो. बराच वेळ हे स्टेअरिंग धरूनच बसले होते. मग म्हणाले, "प्रमिला, धुई नव्हती ना?"

"नव्हती." मला रडूच फुटलं. "चांगलं ऊन शे हो. कधीपाईन दिसत नही?"

"जामसिंगना ऊसनी गाडीपाईन."

"मग बोलाले तोंड नव्हतं? टपावर पट्ट्या लावतस!" रडतानाही मी भांडतच होते. "जसोदाबाईनं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ती आते सुईमा दोरा ओवस!"

त्यांनी मान हलवली. "मले बापसारखं ओटावर बसनं नही."

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. जामसिंगची बैलगाडी रखडत आमच्यापर्यंत आली होती. यांनी खिडकीकडे मान वळवली आणि मोठ्याने विचारलं, "कोन शे?"

हुबेहूब सासऱ्यांचा आवाज. तोच सूर, तीच मान. मी दचकले, आणि तेही दचकले. आपलंच बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"मी जामसिंग, दादा!" म्हणत तो पुढे निघून गेला.

घुंगरं ऐकू येईनाशी झाली. मग हळू आवाजात म्हणाले, "मले दवाखानामा ली चाल."

पिवळे दिवे भर उन्हात चालूच होते. मी बटण शोधायला लागले, मला सापडेना. त्यांनी न बघता माझा हात धरला आणि बरोबर बटणावर नेऊन ठेवला. मी दिवे बंद केले.