बंड्या उठेल

हरवलेल्या पिल्लांचा तो जुना कार्टून सिनेमा काल पुन्हा लागला होता. मुलगी तो बघत मोठी झाली, आता नात बघते. पिल्लं भुंकायला लागणार तेवढ्यात बायकोने रिमोट उचलून आवाज कमी केला.

"आजी, ऐकू येत नाहीये!"

"अगं, बंड्या उठेल," ती बोलून गेली.

आमचा कुत्रा बंड्या ते भुंकणं ऐकलं की टीव्हीमागे जाऊन पिल्लांना शोधायचा. सापडली नाहीत की घर डोक्यावर घ्यायचा. त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली. सिनेमातली पिल्लं मात्र दर वेळी घरी पोचतात. त्यासाठीच आपण तो बघत असू.

मी नातीला बंड्याची ही गंमत सांगितली, तशी ती टीव्हीमागे डोकावून आली. "तिथे कुणीच नाहीये, आजी."

तरी बायकोने आवाज वाढवला नाही.