सावरखेडच्या शिवेवरचा पुणेकर

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या पायात नवा करकरीत जोडा होता, बगलेत छापील पुस्तकांचा गठ्ठा होता आणि मनात वऱ्हाडचा उद्धार करण्याची भलती घाई होती. पुस्तक माझेच. ‘गुरांच्या सांसर्गिक रोगांविषयी सूचना’ हे त्याचे नाव. वऱ्हाडात बुळकांडीने (गुरांच्या डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, मग हगवण आणि मरण) बैल पटापट मरत आहेत, असे वर्तमानपत्रात आले होते. आमच्या सुधारक मंडळीने वर्गणी काढून पुस्तक छापले आणि ते वाटायला मला धाडले. आजारी जनावर वेगळे बांधा, मेलेले खोल पुरून वर चुना टाका, त्याचे मांस कोणी खाऊ नका, रोगाच्या गावची वाहतूक बंद ठेवा. एवढे केले तर रोग थांबतो. लोक हे करीत नाहीत याचे कारण अज्ञान, आणि अज्ञानाचे औषध छापखाना, असे माझे मत होते.

आगगाडी भुसावळपर्यंत. पुढे रूळ टाकण्याचे काम चालले होते. भुसावळला उतरलो आणि पहिली शिंक आली, ती वऱ्हाड सोडीपर्यंत थांबली नाही. जिकडे पाहावे तिकडे कापूस. तिकडे अमेरिकेत भाऊबंद एकमेकांवर तोफा डागीत आहेत, त्यामुळे विलायतेच्या गिरण्या उपाशी आहेत, आणि त्यांचे पोट भरायला वऱ्हाडातला प्रत्येक बैल रस्त्यावर आला आहे. कापसाच्या गाड्यांची रांग क्षितिजापासून निघून स्टेशनाला टेकलेली. रिकाम्या परतणाऱ्या अशाच एका गाडीत मला जागा मिळाली. गाडीवान नथ्थू अमरावतीकडचा. त्याने माझे पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केले, हुंगले आणि विचारले, “याच्यात बैलाचं चित्र नाई काजी?”

“नाही. पण बैलाविषयी सगळे आहे.”

“मंग बैलाले कसं समजन, हे त्याच्यासाठी हाये म्हनून?”

अकोल्याच्या बाजारात मी गाडीवर उभा राहून व्याख्यान दिले. अडत्ये, हमाल, गाडीवान सगळे थांबून ऐकत होते. मला वाटले, जिंकले! मग कळले की गाडी अडत्याच्या दाराशी उभी होती आणि मी खाली उतरण्याची ते वाट पाहत होते. वाटलेली पुस्तके मात्र वाया गेली नाहीत. संध्याकाळी एका दुकानातून फुटाणे घेतले, ते माझ्याच पाचव्या पानात बांधून मिळाले. ‘मांस कोणी खाऊ नये’ ही ओळ तेलकट झाली होती.

पुढचा रस्ता काळ्या रानातून. काळीची धूळ इतकी मऊ की बैलांच्या पायांचा आवाज येत नाही, नुसत्या त्यांच्या गळ्यातल्या घाट्याच वाजतात. अमरावती अजून बरीच लांब असताना सावरखेड नावाच्या गावाच्या शिवेवर आमची गाडी अडली. दोन गावांची माणसे समोरासमोर उभी राहून ओरडत होती आणि मध्ये एक हातभर उंचीचा लाकडी गाडा होता. त्यावर शेंदूर फासलेली मरीआई, हिरव्या बांगड्या, लिंबे, कडुनिंबाचे डहाळे. गाड्याला एक रेडकू बांधलेले, आणि टोपलीत एक कोंबडा व दोन कोंबड्या.

नथ्थूने मला प्रकार सांगितला. एखाद्या गावात रोग आला की ते गाव देवीला गाड्यावर बसवते आणि वाजतगाजत शेजारच्या गावाच्या शिवेवर आणून सोडते. रोग तिच्याबरोबर जातो. ते गाव मग तिला पुढच्या शिवेवर नेते. असे करीत करीत ती फिरतच राहते. “आता सावरखेडवाल्याइनं उचलली का झालं. पन ते म्हनून रायले, आमी कालच एक देवी पुढं नेली, इतक्या लवकर दुसरी नाई घेत.”

मी खाली उतरलो. माझे रक्त तापले होते. “बंधूंनो,” मी सुरुवात केली, “रोग देवी आणीत नाही! लाकडाच्या गाड्यात रोग नसतो!” आणि गाड्यावर हात ठेवायला पुढे झालो, तर ते रेडकू माझ्याकडे पाहत होते. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होते. तोंडाला लाळेच्या तारा. माझे तिसरे पान जसेच्या तसे माझ्यापुढे उभे होते.

म्हणजे रोग खरोखरच गाड्याबरोबर चालला होता! शिवेशिवेने, पाहुणचार घेत, वाजतगाजत. हे रेडकू सावरखेडात गेले की सावरखेडचे बैल गेले, तिथून पुढचे गाव गेले.

“हे जनावर पुढे जाता कामा नये,” मी ओरडलो. “कोणीही घेऊ नका. हा गाडा मी घेतला!”

मग सावरखेडचा पाटील जवळ आला. पोट मोठे, मिशा त्याहून मोठ्या. “घेतला म्हन्ता? तुमी सोताहून?”

“मी स्वतःहून. मी कोणत्याही देवीला भीत नाही.”

दोन्ही गावांनी असा जल्लोष केला की मला गहिवरून आले. माझ्या कपाळावर कुंकू आले, गळ्यात कडुनिंबाची माळ आली. मला वाटले, लोकांना सत्य पटले. मागे वळून पाहिले तर नथ्थूने माझा गठ्ठा रस्त्यावर ठेवला होता आणि त्याची गाडी आल्या वाटेने उधळली होती.

उलगडा केला गिरजाबाईने. शिवेला लागूनच तिचा मळा होता, वांगी, मिरची, झेंडू. विधवा बाई, मोट स्वतः हाकणारी. सगळे पांगल्यावर ती लांबूनच म्हणाली, “आता तुमी कोन्या गावात जासान, बावा? देवी ज्याच्यापाशी, त्याले कोनी शिवेच्या आत घेत नाई.”

“आणि सोडून गेलो तर?”

“तं गाडा आमच्या शिवेत हाये. पाटील आजच उचलून पुढं धाडन, रेडकासंगं. रस्ता माया मळ्यावरून जाते. माया गोठ्यात दोन बैल हायेत. ते मेले तं मोट कोन ओढन? तुमी?”

मी तिच्या बैलांकडे पाहिले. पांढरे, ओल्या काळ्या नाकाचे, निवांत रवंथ करीत होते. नाक ओले म्हणजे जनावर निरोगी. हे माझ्या दुसऱ्या पानावर आहे. मी रेडकू बाभळीला बांधले आणि खाली बसलो.

असा मी गाव झालो. एका माणसाचे, एका देवीचे आणि तीन कोंबड्यांचे गाव. गिरजाबाई दगडावर कळण्याची भाकर (ज्वारी व उडदाची), अंबाडीची भाजी आणि ठेचा ठेवून मागे सरे. ठेचा खाल्ल्यावर रेडकाच्या आणि माझ्या डोळ्यांत काही फरक उरत नसे.

“माया हातचं चालते ना तुमाले?” तिने पहिल्याच दिवशी विचारले.

“चालते म्हणजे? जातिभेदावर मी निबंध लिहिला आहे.”

“मंग ठीक हाये. त्या निबंधासंगं खा.”

आणि मग आम्हा दोघांच्याही ध्यानात एक गोष्ट आली. रस्ता ओस पडला होता. कापसाच्या गाड्या यायच्या, लांबूनच गाडा आणि त्याशेजारी माळ घातलेला माणूस पाहायच्या आणि वळायच्या. देवीसमोरून भरली गाडी नेली तर ती गाडीत चढून बसते, असा तिकडे समज आहे. म्हणजे ‘रोगाच्या गावची वाहतूक बंद ठेवा’ हे माझे कलम अमलात येत होते, आणि तेही मी काही न समजावता! मी येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगे, “देवीमुळे नव्हे! संसर्गामुळे थांबा!” ते हात जोडीत.

“पाह्यलं?” एकजण दुसऱ्याला म्हणाला. “देवीच सोता म्हन्ते, देवी नाई म्हनून. किती मोठी असन!”

“तुमी बोलू नोका,” गिरजाबाई म्हणाली. “नुसते बसा. बोलले का बिघडते.”

दुसरे दिवशी कोंबडा मान वाकडी करून गळाठला आणि मेला. पाटील लगेच हजर. चालीप्रमाणे शिवेवरचा कोंबडा गुपचूप कोणाच्या तरी रश्श्यात जातो, हे मला त्याच्या मिशांवरून कळले. “बावाजी, कोंबडा तं देवीनं खाल्ला. आता उरलेलं...”

“पाटील, रोगाने मेलेल्या कोंबड्याचे मांस विषारी असू शकते. तो पुरायचा.”

“उकळून घेऊ ना चांगला!”

“पुरायचा!”

पाटील खड्ड्याकडे असा पाहत उभा राहिला, जणू घरचेच कोणी गेले आहे. पाठोपाठ रेडकूही मेले, आणि रायभान आला. मेलेली ढोरे ओढून नेण्याचे काम गावाने ज्या वस्तीच्या माथी मारले आहे, त्या वस्तीतला हा मनुष्य. त्याच्या खांद्यावर दोर होता. मी त्याला सांगितले की हे मांस खाऊ नये आणि कातडेही सोलू नये, कारण रोग त्यातून पसरतो.

तो शांतपणे म्हणाला, “मंग काय खावं जी?”

माझ्या पुस्तकाला बत्तीस पाने आहेत. त्या प्रश्नाचे उत्तर एकाही पानावर नव्हते. तोच पुढे म्हणाला, “मांस गेलं तं गेलं. पन या कातड्याचा जोडा व्हनार व्हता माया.”

मी माझा नवा जोडा काढून त्याच्यापुढे ठेवला. मग आम्ही दोघांनी मिळून खड्डा खणला. त्याने बराचसा, मी फोड येण्यापुरता. गिरजाबाईने भिंतीला लावायचा चुना आणून दिला.

शेवटी अकोल्याहून अडत्या आला. भरजरी पागोटे, आणि रेंगी (हलकी, पळणारी बैलगाडी) इतकी देखणी की माझे अनवाणी पाय आपोआप तिकडे वळले. त्याचा सगळा कापूस पलीकडच्या, गाडा आणणाऱ्या गावात अडकून पडला होता. “महाराज, अमेरिकेतली लढाई आज थांबली तर माझा कापूस उशीत भरायच्या लायकीचा राहील. तुम्ही फक्त गाडा घेऊन दुसऱ्या शिवेवर बसा. ही रेंगी तुम्हाला अमरावतीपर्यंत. गादीसकट.”

गादीसकट! बाभळीचे काटे मला एकदम जास्त टोचू लागले. आणि रेडकू तर मेले होते, पुरले होते. पण त्याने लाळ गाळलेले गवत त्याच जागी होते, आणि पलीकडच्या गावात बैल अजून मरत होते. तिथल्या गाड्या सुटल्या तर पहिली याच मळ्यावरून जाणार. गिरजाबाई मोटेवर उभी होती. तिचे बैल थांबले होते, नाक ओले, कान हलवीत.

“नाही,” मी म्हणालो. “मी गाव आहे. गाव कुठे जात नसते.”

अडत्या कपाळाला हात लावून परत गेला. मी ते गवत जाळले. पलीकडच्या गावातली मर थांबल्याची बातमी येईपर्यंत मी बसून राहिलो. सावरखेडात एकही जनावर दगावले नाही. पाटलाने मला निरोपाचे जेवण दिले, आणि त्यात कोंबडीचे नावही नव्हते, हे मी त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखले.

अमरावतीला अनवाणीच पोचलो. तिथल्या कापसाच्या बाजारात उरलेली पुस्तके वाटली, त्यांचे काय झाले ते फुटाणेवाल्यांना ठाऊक. परतीची गाडी मिळाली, नवा गाडीवान मिळाला, आणि आम्ही पुन्हा त्याच रस्त्याला लागलो. सावरखेडची शीव आली आणि गाडी करकचून थांबली.

“कायले थांबलास?”

“पुन्याचा बावा बसला हाये,” गाडीवान कुजबुजला. “पलीकडं कोन्या गावात पुन्हा बैल पडले असन. आता गाडी पुढं नाई जात.”

बाभळीखाली गवताचा एक माणूस बसवला होता. डोक्याला पुणेरी घाटाचे पागोटे, गळ्यात कडुनिंब, हातात माझे पुस्तक आणि पायात माझा जोडा. समोर भाकऱ्या, नारळ, गूळ.

“अरे, तो मीच आहे!” मी ओरडलो.

गाडीवानाने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. “तुमच्या पायात तं जोडा नाई.”

मूर्तिपूजेवर माझे दोन निबंध आहेत. मी तरातरा गेलो, तो पुतळा उपटायलाच. बाभळीमागून रायभान उठला. हातात अर्धा नारळ.

“रामराम बावाजी. मले राखाले बसवलं हाये अठी. निवद मायाच.”

“आणि जोडा? तुझ्या पायात का नाही?”

“माया पायात पाहून पाटलानं काढाले लावला असता.” तो हसला. “आता पाटील सोता येऊन त्याच्या पाया पडते.”

पलीकडे मळ्यात मोटेचा आवाज येत होता. गिरजाबाईने बैल थांबवले आणि ओरडून विचारले, “काय करता बावा? मोडता का?”

पुण्याला पोचल्यावर मंडळीने हाच प्रश्न मला जास्त रागाने विचारला. इतका सत्याचा कैवारी तू, आणि आपल्याच नावाचा देव उभा सोडून आलास? मी त्यांना खरे तेच सांगितले. पुतळ्याच्या हातातले पुस्तक उलटे धरलेले होते. तेवढे मी सरळ केले, आणि बाकीची शीव पायी ओलांडली.