छातीत बसणारं पोर

त्या यंत्रमानवाच्या छातीत एक दार होतं. ते उघडायचं, शाळकरी वयाचं एक पोर आत जाऊन बसायचं, पट्टे आवळायचं आणि दार बंद व्हायचं. मग डोंगराएवढ्या त्या धुडाचे डोळे पिवळे पेटायचे आणि समुद्रातून आलेल्या राक्षसांशी त्याची झटापट सुरू व्हायची. हे जपानी कार्टून आम्ही किराणा दुकानदाराच्या घरी उंबऱ्याशी बसून पाहायचो. नव्वदनंतरची ती वर्षं. आदिलाबादजवळ तामसीकडच्या आमच्या गावात केबल आलेलं तेवढं एकच घर होतं. बोलणं कुठल्या भाषेत चालायचं कोण जाणे, पण हाणामारीला भाषा लागत नाही.

माझा धाकटा भाऊ त्या यंत्रमानवाच्या इतका नादी लागला की जेवतानासुद्धा हात कोपरात न वाकवता घास घ्यायचा. निम्मा घास कानाकडे. मला मात्र ते कार्टून कधी सुखानं पाहता आलं नाही. मी मुळातच घाबरट. बाबा म्हणायचे, "हिले जत्रेत नेलं तं ही पाळण्यात बसाच्या आधी परतीची बस पाहाते." राक्षस जिंकेल याची मला भीती नव्हती. छातीचं दार अडकलं तर ते पोर बाहेर कसं येणार, ही चिंता होती. आत कुणी आहे हे बाहेरून पाहणाऱ्याला कळणारही नाही. भावाला विचारलं तर तो वैतागला.

"त्याले बाहेर याचंच नसते. तू काऊन घाबरून राह्यली?"

त्याच वर्षी बाबांनी आदिलाबादहून ज्वारी साठवायला पत्र्याची नवी कोठी आणली, बसच्या टपावर बांधून. बाबांच्या खांद्याएवढी उंच, वर रुंद तोंड आणि झाकण, खाली दाणे काढायला सरकती खिडकी. भावाच्या लेखी त्याचा यंत्रमानव घरी आला. कोळशानं त्यानं कोठीला डोळे काढले, छातीवर वीज काढली. पोत्यांवर चढून तो आत उतरायचा, मांडी घालून बसायचा आणि आतून आवाज घुमवायचा. मायनं धपाटे घालून पाहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग कोठी भरायचा दिवस आला. आमच्या घरी कोठी भरताना कुणी तोंड उघडत नाही. पहिलं टोपलं पडल्यापासून नारळ फुटेपर्यंत चकार शब्द नाही. बोललं की बरकत जाते. बाबा या बाबतीत फार कडक. आदल्या वर्षी पाहुणी आलेल्या आत्यानं मधेच पाणी मागितलं, तर पुढे ज्वारीत निघालेला प्रत्येक किडा तिच्या नावावर लागला. त्या सकाळी बाबांनी आम्हा दोघांना समोर उभं करून दम दिला, "तोंडातून आवाज निघाला तं याद राखा." तळाशी कडुनिंबाचा पाला टाकायचं काम भावाकडे दिलं. मला दारात उभं केलं, एखादी शेजारीण बोलत बोलत आत येऊ नये म्हणून.

माय टोपलं भरून द्यायची आणि बाबा पाटावर उभे राहून ओतायचे. त्या खोलीला खिडकी नव्हती. धूळ एवढी उडत होती की बाबांनी तोंडाला रुमाल बांधला होता आणि ओतताना ते मान फिरवत होते. माझं लक्ष अंगणाकडे होतं. निंबाखाली ओरबाडलेल्या डहाळ्या पडल्या होत्या, भाऊ नव्हता. दुकानदाराकडे गेला असेल म्हणावं, तर त्या दिवशी कार्टून नसायचं. मग पोत्यांपाशी त्याच्या चपला दिसल्या. धान्याच्या कोठीत पायताण घालून उतरू नये, एवढं तो शिकला होता.

मी मायचा पदर ओढला, कोठीकडे बोट केलं आणि हातानं भावाची उंची दाखवली. तिला वाटलं, ज्वारी कुठवर आली ते सांगते आहे. तिनं मान डोलावली आणि टोपलं वर दिलं. मी बाबांपुढे हात जोडले. त्यांनी डोळे वटारले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. आत असता तर ओरडला नसता का? तो बाहेर असला आणि मी बोलले, तर वर्षभर प्रत्येक भाकरीबरोबर मला ऐकून घ्यावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. बाबांनी पुढचं टोपलं उचललं आणि मी किंचाळले, "थांबा! तो आत हाय!"

बाबांचा हात उठला, मला मारायलाच. पण मायचं लक्ष माझ्या बोटामागून चपलांकडे गेलं होतं. तिनं झेप घेऊन खालची खिडकी ओढली. ज्वारी भळाभळा जमिनीवर आली. बाबा कोठीत कमरेपर्यंत वाकले आणि त्याला काखेत धरून ओढू लागले. तो निघेना. माय दोन्ही हातांनी दाणे उपसत होती आणि देवाला हाका मारत होती. शेवटी तो निघाला. तोंड धुळीनं पांढरं, डोळे टक्क उघडे. आधी खोकला आला, मग रडू.

मायनं त्याला छातीशी धरलं आणि लगेच गदागदा हलवलं. "आवाज काऊन नाई देल्ला रे?"

"मी बाहेर निंगूनच राह्यलो होतो," तो हुंदके देत म्हणाला. "तेवढ्यात टोपलं पडलं. बाबानंच सांगतलं होतं ना, बोलाचं नाई म्हून."

बाबा मटकन ज्वारीतच बसले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला आणखीनच भीती वाटली.

उतरत्या उन्हात उरलेली ज्वारी भरायला घेतली. बाबांनी भावाला अंगणात बाजेवर बसवलं होतं. प्रत्येक टोपलं ओतायच्या आधी ते थांबायचे आणि हाक मारायचे, "हाय का रे?"

"हाय," तिकडून बारीक आवाज यायचा.

टोपलं हातात तसंच धरून बाबा म्हणायचे, "जोरानं बोल."