धोतराआडचे दोन स्पीकर

सायकलवर कांदे विकता विकता मी चिखलीत स्वतःच्या धान्याच्या दुकानापर्यंत आलो, ते आयुष्यात सांगितलेल्या भावात कधी काही न घेता. म्हणून अकोल्याच्या दुकानदाराचा राग अजून जात नाही. आवडलेल्या स्पीकरची किंमत ऐकून मी ओरडलो, मालाला नावं ठेवली आणि रीतसर पायरी उतरलो. पायरी उतरली की मागून "या हो काका, बसा" अशी हाक येते; बाजार त्यावरच चालतो. हाक आलीच नाही. समोरच्या टपरीवर चहा घेतला, तोंड मुद्दाम दुकानाकडे ठेवलं. तरी नाही. शेवटी मीच परत गेलो आणि पूर्ण पैसे दिले. वर त्याने वायरसुद्धा फुकट दिली नाही.

घरी आलो, तर बुलडाण्यात मास्तर असलेला माझा साडू स्वतःचा स्वस्तातला स्पीकर काखेत घेऊन हजर.

"भाऊ, फसले न तुम्ही! आवाज तो आवाज. जास्त पैसे काऊन द्याचे?"

मला कुणी काहीही म्हणावं, फसला म्हणू नये. तालुक्यात माझी तेवढीच अब्रू आहे.

गुरांच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, बघ्यांना काही कळू देत नाहीत. मीही तेच केलं. दोरीवर जुनं धोतर टाकून दोन्ही स्पीकर त्याच्या आड ठेवले आणि बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं. कोणता कुणाचा, तिला ठाऊक नव्हतं. लावलं तिच्याच माहेरच्या भजनी मंडळाचं, फोनवर घेतलेलं भजन. त्यात सासरे टाळ वाजवतात. ते आता नाहीत.

पहिला वाजला. "चांगला हाय की," ती पिठाच्या हातांनी उभी राहून म्हणाली. साडू माझ्याकडे पाहून मिशीत हसला. दुसरा वाजला, तशी ती खालीच बसली.

"थांबा हो. हे बाबा हायेत."

"कशावरून, ताई?" साडू.

"सगळ्याइचे टाळ संग पडते, हा एक मांगून येते. बाबा जिंदगीभर मांगूनच राह्यले. मंडळातले चिडत न त्याइच्यावर!" हसता हसता तिने डोळे पुसले आणि गालाला पीठ लागलं. पुन्हा पहिला लावून पाहिला, तर त्यात सगळ्या टाळांचा मिळून एकच खणखणाट.

मी धोतर ओढलं. दुसरा माझा होता.

साडूने स्वतःचा स्पीकर परत काखेत घेतला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, मलेबी एक घेऊन द्या. तुमच्या हातानं."

"आता तरी त्या दुकानदाराले शिव्या देनं बंद करा," बायको म्हणाली.

"माल चोख हाय, कबूल. पन हाक त्यानं मारालेच पाह्यजे होती!"

मी तिथल्या तिथे अकोल्याला फोन लावला. आणखी एक गिऱ्हाईक आणतो, किती कमी करता? "काका, भाव तोच." मी फोन कापला आणि तो समोर ठेवून बसलो.

"लावा न परत फोन, भाऊ," साडू म्हणाला.

"थांब बे. त्याचाच येते."

चहा झाला. भजन पुन्हा पुन्हा वाजत राहिलं. सासरे दर वेळी उशिरा का होईना, येत होते. फोन तेवढा येत नव्हता.