परमुलखातला भंडारा

आटपाडीकडचा अर्जुना धनगर लांडग्याला भ्यायचा नाही. कोकणापर्यंत मेंढरं नेऊन परत आणलेला गडी तो. पण १९९३ साली एजंटाच्या नादी लागून तो आखातात मेंढरं राखायला गेला आणि पहिल्याच दिवशी भ्याला. चारी बाजूंना नुसती वाळू. झाड नाही, वस्ती नाही. एक तंबू, पाण्याची टाकी आणि तीनशे मेंढरं. तीही शेपटीच्या जागी चरबीचं गाठोडं लोंबणारी. त्यानं घरच्यासारखी हाळी दिली, तर एकीनंही मान वर केली नाही. बोलायला माणूस म्हणाल तर आठवड्यातून एकदा पाणी आणणारा मिरजेचा ड्रायव्हर. दोन वर्षं कशीबशी काढायची आणि बायकोकडं, बयाबाईकडं जिवंत परत जायचं, एवढंच अर्जुनाच्या मनात होतं.

तिसऱ्या महिन्यात पहिली मेंढी व्यायला अडली. अर्जुनानं हात घालून कोकरू सुखरूप बाहेर काढलं. पहिलं कोकरू झालं की सगळ्या कळपाच्या कपाळी भंडारा लावायचा, ही त्याच्या घरची रीत. आरेवाडीच्या बिरोबाची हळद त्याच्या पिशवीत होतीच. बिचाऱ्यानं मालकाचं भलं चिंतून एकेक कपाळ पिवळं केलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती मेंढरं त्याला आपली वाटली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरबरोबर मालक आला. पिवळी कपाळं बघून तो ओरडायलाच लागला. ड्रायव्हरचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय केलंस रं हे? जादूटोणा केलास म्हणतोय!"

"आवं, देवाची हळद हाय ती!"

"देवाचं नाव काढू नगंस. हितं जादूला माफी न्हाई. पोलिसात देतो म्हणतोय. मुंडकं जाईल, गड्या!"

अर्जुनानं पिशवी पुढं धरली. हात जोडून तो म्हणाला, "त्यास्नी सांगा, खायाची हळद हाय. कोरड्यासात घालतो आमी."

मालकानं पिशवीकडं बोट दाखवलं.

"खाऊन दाव म्हणतोय," ड्रायव्हर म्हणाला. "समदी."

अर्जुनानं मुठीमुठीनं हळद तोंडात कोंबली. ती घशाला चिकटली, ठसका लागला, डोळ्यांना धारा लागल्या, तरी तो थांबला नाही. देवाला काय वाटेल, हा विचारसुद्धा त्याला सुचला नाही. पिशवी उलटी करून त्यानं झाडून दाखवली. मालक बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला. बहुतेक मरतोय का ते बघत असावा. मग सगळी मेंढरं धुवायला सांगून तो निघून गेला.

अर्जुनानं आपल्या पिण्याच्या पाण्यानं तीनशे कपाळं घासून काढली. पुढचे एकवीस महिने लांबवर गाडीचा धुरळा उठला की तो मेंढरांची कपाळं पुन्हा तपासायचा. एखादं कोकरू आजारी पडलं की त्याला अन्न जायचं नाही. याचंही खापर आपल्यावर फुटणार, असं वाटून तो त्या कोकराजवळ बसून राहायचा.

९५ साली तो सुटला. घरी पोचला तेव्हा बयाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होती. देवानं नवरा परत दिला म्हणून तिचा ऊर भरून आला होता. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत तिनं त्याच्या कपाळाकडं हात नेला.

अर्जुनानं तिचं मनगट गच्च धरलं. मागं वळून रस्ता न्याहाळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आधी दार लाव."